जेनेट रँकिन : एका मताची किंमत

निवडणूक जिंकणें कठीण खरें. परंतु जिंकलेली जागा एका मतापायीं पणास लावणें त्याहून कठीण. अमेरिकेच्या काँग्रेसमधील पहिल्या स्त्री-सभासद जेनेट रँकिन यांनीं हें दोनदां केलें.

त्यांचा जन्म १८८० सालीं माँटॅना प्रांतांत, मिझूला गांवाजवळ झाला. तेथील स्त्रियांस मताधिकार मिळावा म्हणून त्या गांवोगांव हिंडल्या, आणि १९१४ सालीं तो मिळाला. लगेच १९१६ सालीं लोकांनीं त्यांस प्रतिनिधिगृहांत धाडलें. नवल असें कीं, देशांतील बहुसंख्य स्त्रियांना तेव्हां मत देण्याचाहि हक्क नव्हता; राष्ट्रव्यापी हक्क आला तो १९२० सालीं.

१९१७ च्या एप्रिलांत त्यांचा शपथविधि होऊन चार दिवस लोटतात न लोटतात, तोंच जर्मनीशीं युद्ध पुकारण्याचा ठराव मताला आला. बाईंनीं विरोध केला तर स्त्रियांच्या मताधिकाराचें कार्य मागें पडेल, अशी चळवळींतील कित्येकांना धास्ती होती. तरीहि, देशाच्या पाठीशीं उभें राहण्याची इच्छा आहे, पण युद्धाला मत देववत नाहीं, असें त्यांनीं सांगितलें. विरोधी मतें ५० पडलीं. त्यांपैकीं ४९ पुरुषांचीं होतीं. परंतु दुबळेपणाचा बोल मात्र विशेषेंकरून बाईंच्या माथीं आला. पुढील वर्षीं सीनेटच्या निवडणुकींत त्या पराभूत झाल्या.

बावीस वर्षांनंतर, १९४० सालीं, त्या पुन्हां निवडून आल्या. ७ डिसेंबर १९४१ रोजीं जपाननें पर्ल हार्बरवर हल्ला केला. दुसऱ्याच दिवशीं युद्धाच्या ठरावाला ३८८ मतें अनुकूल पडलीं. प्रतिकूल मत एकच, तें रँकिनबाईंचें. स्त्री असल्यामुळें आपणांस रणांगणावर जातां येत नाहीं, मग दुसऱ्यांस तरी कसें धाडावें, असें त्यांचें म्हणणें. बाहेर क्षुब्ध जमाव जमला. टेलिफोनच्या खोलींत आश्रय घेऊन त्यांना पोलिसांची वाट पाहावी लागली. १९४२ सालीं त्या पुन्हां उमेदवार म्हणून उभ्या राहिल्या नाहींत.

गांधीजींच्या अहिंसेचा अभ्यास करण्यासाठीं १९४६ पासून त्यांनीं हिंदुस्थानच्या अनेक वाऱ्या केल्या. १९६८ सालीं, वयाच्या ८७ व्या वर्षीं, व्हिएतनाम-युद्धाविरुद्ध वॉशिंग्टनमध्यें निघालेल्या हजारों स्त्रियांच्या मोर्चाच्या अग्रभागीं त्या चालल्या. १९७३ सालीं त्यांचें निधन झालें.

आक्रमण झाल्यावरहि शस्त्र न उचलणें योग्य काय, हा प्रश्न पुष्कळांनीं विचारला, आणि तो पोकळ नाहीं. परंतु १९१७ चा फटका सोसलेल्या बाईंना १९४१ च्या मताची किंमत आधींच ठाऊक होती. ती ठाऊक असूनहि त्यांनीं आपलें मत बदललें नाहीं, हें त्यांच्या टीकाकारांनाहि मान्य करावें लागेल.