आधी जोड्या सांगा
(स्वागताध्यक्षीय भाषण)



जुळ्यांच्या मेंदूंच्या अभ्यासासाठी आपण मुळशी तालुक्यात जमलो आहोत. 1921 साली धरणासाठी जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा याच खोऱ्यातले शेतकरी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रहाला उभे राहिले. मालकाला न विचारता त्याच्या शेतात चर खणले गेले होते, याचा संताप त्यामागे होता. न विचारता कोणाच्या मालकीत हात घालू नये, हे जुळ्यांच्या अभ्यासकांनीही विसरू नये.

पुण्याच्या मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे तरुणपणी बर्लिनच्या कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेत डॉक्टरेटसाठी गेल्या होत्या. जुळ्यांवरचे संशोधन तिथे फॉन फर्शुअर यांच्याकडे होते. आउश्वित्झमध्ये जुळ्या मुलांवर अमानुष प्रयोग करणारा मेंगेले हा पुढे त्यांचाच शिष्य. इरावतीबाईंचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांना कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक वंशाशी जोडायचा होता. बाईंनी कवट्या मोजल्या आणि असा संबंध दिसत नाही, असे प्रबंधात लिहून दिले. परक्या देशात, मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध! पुढे 1951 मध्ये अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकरांसोबत त्यांनी महाराष्ट्रातील मानवमितीय मोजमापांचा ग्रंथ सिद्ध केला. मार्गदर्शकाला हवे ते नव्हे, तर मोजमापात दिसले तेच लिहायचे, हा मेंदू मोजणाऱ्यांसाठी त्यांनी घालून दिलेला धडा आहे.

आज कवटीच्या आत डोकावता येते. एकाच बीजांडापासून झालेल्या जुळ्यांची जनुके जवळजवळ सारखी, दोन बीजांडांच्या जुळ्यांची सरासरी निम्मी. मेंदूच्या एखाद्या भागाच्या जाडीचा सहसंबंध पहिल्यांत 0.8 आणि दुसऱ्यांत 0.5 आला, तर फरकाची दुप्पट, म्हणजे 0.6, ही आनुवंशिकता. फॉकनर यांचे हे सूत्र कागदावर सोपे दिसते. पण जोड्या वीसच असतील, तर त्या 0.5 ची 95 टक्के विश्वासमर्यादा सुमारे 0.07 पासून 0.77 पर्यंत पसरते! अशा दोन डळमळीत आकड्यांची वजाबाकी करून आपण तिची दुप्पट करतो. त्यात मेंदूच्या चित्रातले लाखभर ठिपके एकेक तपासले, तर कशातही काही नसताना पाच टक्क्यांच्या पातळीवर पाच हजार ठिपके उजळून निघतात. रंगीत चित्र फार देखणे दिसते, म्हणूनच ते धोक्याचे. जुळ्या भावंडांना दोन स्वतंत्र माणसे धरणे ही तर माझ्या मते या विषयातली सर्वांत महागडी चूक आहे, कारण तिने खोटा आत्मविश्वास येतो. आकड्यांची अदलाबदल करून निकाल योगायोगाचा तर नाही ना हे पाहणाऱ्या क्रमबदल चाचणीतही ही अदलाबदल कुटुंबाची चौकट सांभाळूनच व्हायला हवी.

डॉक्टरमंडळींना विनंती, की स्कॅन झाल्यावर आम्हा संख्याशास्त्रज्ञांकडे येऊ नका, आधी या. आणि इथे निबंध वाचणाऱ्या प्रत्येकाने सुरुवातीलाच तीन गोष्टी सांगाव्यात: प्रत्येक प्रकारच्या जोड्या किती, किती स्कॅन बाद केले आणि का, आणि त्या कुटुंबांना काय सांगून संमती घेतली.