खाज आणि खाडा



कॅन्सर झाला की गाव वर्गणी काढतं. हृदयाचा झटका आला की महात्मा फुले जनआरोग्य योजनेची धावपळ सुरू होते. 2024 पासून ही योजना राज्यातल्या सगळ्याच कुटुंबांना लागू झाली आहे, वर्षाला पाच लाखांपर्यंत. इसब झालेला माणूस मात्र वर्गणीतही बसत नाही आणि योजनेतही. ही योजना मुख्यतः ॲडमिट होणाऱ्यांसाठी आहे आणि इसबाचा माणूस सहसा ॲडमिट होत नाही. तो मेडिकलवर उभा राहून ट्यूब घेतो आणि शेतात जातो. असं दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं चालतं. घरातल्यांनी विचारलं तर म्हणतो, "काही नाही, खाजतंय जरा." त्या खाजेचा हिशेब आज मला तुमच्यापुढे मांडायचा आहे.

इसबाची कारणं बरीच आहेत. लहान लेकरांचं अंगचं इसब वेगळं, सिमेंटात हात घालणाऱ्या गवंड्याचं वेगळं. पण आपल्या वडीगोद्रीच्या भागात एक कारण बांधावरच उभं आहे, ते म्हणजे गाजर गवत. 1956 साली पुण्यातून या गवताची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध झाली आणि पुढच्या दोन दशकांत ते देशभर पसरलं. 1974 साली पुण्याचे डॉ. लोणकर आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी या गवतामुळे होणाऱ्या त्वचारोगावर लिहिलं. म्हणजे हा आजार जगाला नीट समजला तो महाराष्ट्रातल्या रुग्णांवरून. जायकवाडीच्या डाव्या कालव्यानं आपल्याकडे ऊस आणला, मोसंबी जगवली. त्याच पाण्यावर कालव्याची भराव-जमीन, चाऱ्यांच्या कडा आणि पडीक तुकडे या गवतानंही धरले. एका झाडाला दहा हजारांहून जास्त बी येतं.

या गवतात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. गवत वाळलं की त्याची बारीक लव आणि भुगा धुळीबरोबर उडतो, म्हणून गवताला हात न लावणाऱ्यालाही त्रास होतो. पापण्या सुजतात. मानेची कातडी जाड, काळपट होते. कोपराच्या आणि गुडघ्याच्या खळीत चिरा पडतात, घाम आला की त्या चरचरतात. बहुतेक रुग्ण चाळिशी-पन्नाशीतले, उन्हात राबणारे पुरुष असतात. सुरुवातीला त्रास पावसाळ्यापुरता असतो, काही वर्षांनी तो बारमाही होतो. अशा काहींना पुढे शेवंतीही सोसत नाही, कारण ती याच कुळातली.

आता ट्यूबचा हिशेब बघा. प्रौढ माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून सरळ रेघ काढली, तर ते मलम साधारण अर्धा ग्रॅम भरतं. तेवढं दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. चेहरा आणि मानेला अडीच पेरं लागतात, एका हाताला पंज्यासकट चार. म्हणजे चेहरा, मान आणि दोन्ही हात मिळून साडेदहा पेरं, पाच ग्रॅमच्या वर. डॉक्टरांनी दिवसातून दोनदा लावायला सांगितलं, तर वीस ग्रॅमची ट्यूब दोन दिवसांत संपते. आपला माणूस ती महिनाभर पुरवतो. मटकीएवढं मलम घेऊन हातभर चोळतो. खाज थोडी दबते, आजार तिथंच राहतो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा ट्यूब येते. काटकसर केल्यासारखं वाटतं, पण अर्धवट उपचारासारखा महाग उपचार नाही. उलट बाजूही सांगतो. हाताचं जोरदार स्टेरॉइड मलम मनानंच चेहऱ्यावर महिनोन्महिने लावलं, तर तिथली कातडी पातळ होते. गजकर्णावर लावलं तर गजकर्ण चिघळतं. 2018 साली केंद्र सरकारनं अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. नियम झाला, पण काउंटरवरची सवय मोडलेली नाही.

ट्यूबपेक्षा मोठा आकडा फेऱ्यांचा आहे. नेमकी ॲलर्जी कशाची हे शोधायला पाठीवर पट्ट्या चिकटवून पॅच टेस्ट करतात. पहिल्या दिवशी पट्ट्या लावायच्या. अठ्ठेचाळीस तासांनी काढून पाहायच्या. मग एक-दोन दिवसांनी पुन्हा दाखवायचं, कारण खरी प्रतिक्रिया कधी कधी उशिरा उठते. तोवर पाठ ओली करायची नाही, घामाचं काम करायचं नाही. शहरातल्या माणसाला या तीन चकरा. वडीगोद्रीच्या माणसाला एकाच आठवड्यात संभाजीनगरच्या तीन वाऱ्या आणि मधले दिवसही कामाविना. मजुरी चारशे रुपये धरा, पाच दिवस बुडाले तर दोन हजार गेले. तिकीट, चहा-भाकरी आणि सोबत आलेल्या मुलाचा रोज वेगळा. तपासणी फुकट झाली तरी एवढा खर्च होतोच. म्हणून माणूस पहिल्या फेरीनंतर जात नाही आणि डॉक्टरच्या कागदावर शेरा पडतो, 'रुग्ण आला नाही.'

उसाच्या फडात तर हे आणखी कठीण. जोडीनं उचल घेतलेली असते. एक दिवस चुकला की मुकादम खाडा धरतो. त्या दिवसाची मजुरी जाते आणि वर दंड अंगावर चढतो. पाचटानं हात सोलवटलेली बाई दवाखान्यात का जात नाही, याचं उत्तर तिच्या अडाणीपणात शोधू नका, त्या खाड्यात शोधा. एसटीत तिला अर्धं तिकीट आहे, पण बुडालेल्या रोजाला सवलत नाही.

मग सगळ्यात सोपी वाट उरते, सुईची. एक इंजेक्शन आणि दोन दिवसांत खाज गायब. अशी स्टेरॉइडची सुई वारंवार घेतली की साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि त्या आजारांची बिलं पुढे वेगळ्या नावानं येतात.

उपचार आहेत आणि ते आपल्या आवाक्याबाहेरचे नाहीत. अमेरिकेत 2017 साली अंगच्या इसबासाठी एक नवं इंजेक्शन आलं. त्याची छापील किंमत वर्षाला सदतीस हजार डॉलर होती. गाजर गवताच्या इसबासाठी मात्र दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी ॲझाथायोप्रिन ही जुनी, स्वस्त गोळी वापरून दाखवली, आठवड्यातून एकदा देऊनसुद्धा. तिचा गुण यायला काही आठवडे लागतात. रक्त वेळोवेळी तपासावं लागतं, म्हणून ती डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यायची. आंघोळीनंतर ओल्या अंगाला व्हॅसलीन किंवा खोबरेल भरपूर लावणं, हा तर घरचाच उपाय. इसब शिवल्यानं पसरत नाही, तेव्हा त्या माणसाचं ताट वेगळं करू नका. आणि वांगं, आंबट, डाळ सगळं बंद करून त्याला अशक्त करू नका. गवताची ॲलर्जी ताटातून येत नाही.

माझं मागणं दोन गोष्टींचं आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि औषध मोफत आहे. तिथं त्वचेचे डॉक्टर ठरलेल्या वारी यावेत, मलम पुरेशा मापात मिळावं आणि रक्ततपासणी जवळच व्हावी, असा ठराव ग्रामसभेनं करून वर पाठवावा. फेरी वाचली की निम्मा खर्च वाचतो. दुसरं मागणं गवताचं. दरवर्षी 16 ते 22 ऑगस्ट गाजर गवत निर्मूलन सप्ताह असतो, पण तोवर पहिल्या पावसाचं गवत फुलावर आलेलं असतं. 1984 साली बंगळुरूकडे मेक्सिकन भुंगे सोडले गेले, ते पानं खातात, मात्र पावसाळ्यापुरतेच. त्यांच्या भरवशावर राहता येणार नाही. मृगाच्या पावसानंतर, झाड हिरवं आणि फुलाआधीचं असतानाच ते मुळासकट उपटून खड्ड्यात गाडलं पाहिजे. शाळा, स्मशानभूमी, कालव्याची कड, बसस्टँडमागची जागा, सगळीकडचं. हातात मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा. ज्याला इसब आहे त्याला या कामाला लावायचं नाही, आणि आयाबायांनाही उघड्या हातांनी लावायचं नाही. यंदा हे काम जूनमध्येच धरा, आणि मोज्यांचा खर्च ग्रामपंचायतीनं करावा.