उत्तेजक द्रव्यांवरील उताऱ्याचा शोध
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



कोकेन किंवा अँफेटामिन यांच्या आहारी गेलेल्या मुलाचे आईवडील डॉक्टरांस प्रथम हेच विचारतात की, यावर काही उतारा आहे काय? त्या उताऱ्याच्या शोधाची हकीकत आज सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

ही दोन्ही द्रव्ये मेंदूच्या पेशींदरम्यान डोपामिन हे रसायन वाढवितात. डोपामिनचे महत्त्व स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५७ च्या सुमारास दाखविले, आणि त्या कामी आपली सर्पगंधा उपयोगी पडली. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरील जिचा गुण जगापुढे मांडला, तीच ही वनस्पती. तिच्यातील रिसर्पिन दिल्यावर ससे निश्चल झाले. एल-डोपा टोचताच पुन्हा हिंडूफिरू लागले.

१९५८ साली बेल्जियममध्ये पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत हॅलोपेरिडॉल सिद्ध झाले. डोपामिन जेथे जाऊन आपले काम करते, ती स्थानेच हे औषध अडविते. अँफेटामिनने भ्रमिष्ट झालेल्या रोग्यास अशी औषधे आजही शांत करतात. मग दारच अडविले तर व्यसनही सुटेल, असे वाटणे साहजिक होते.

घोडे अडले ते येथेच. १९७५ मध्ये योकेल आणि वाइज यांनी, दांडी दाबली की शिरेत अँफेटामिन जावे, अशी उंदरांसाठी व्यवस्था केली. पिमोझाइड हे रोधक औषध दिल्यावर उंदीर दांडी सोडील, अशी तुमची आमची अपेक्षा. प्रत्यक्षात तो ती अधिकच दाबू लागला! मात्रा मोठी असेल तरच, आधी चांगली धडपड करून, मग तो नाद सोडी. चहा पाणचट निघाला तर तलफ आलेला गृहस्थ एकाऐवजी दोन कप मागतो, त्यातलाच हा प्रकार.

माणसांत एकोपिपाम हे औषध वापरून पाहिले. १९९९ च्या एका प्रयोगात कोकेनची धुंदी कमी झाल्याचे आढळले. २००१ च्या दुसऱ्यात मात्र, ते रोज देऊनही कोकेनचे सेवन घटले नाही. शिवाय जुन्या रोधक औषधांनी अंग ताठरते, हात कापतात, मन निरुत्साही होते. आधीच उदास झालेल्या माणसाने अशी गोळी रोज आपल्या हाताने का घ्यावी, याचा विचार संशोधकांनी फार उशिरा केला, असे आमचे मत आहे.

कोकेनच्या व्यसनावर मान्यताप्राप्त औषध अमेरिकेत अद्यापही नाही. तेथे अधिक गुण आला तो एका साध्या उपायाने: लघवीच्या तपासणीत द्रव्य न आढळल्यास रोग्याला त्याच दिवशी लहानसे बक्षीस द्यावयाचे. हे सांगितले की आईवडील क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहतात, आणि पुन्हा विचारतात, “पण डॉक्टरसाहेब, गोळी कोणती?”