नदीला ब्रेक नसतो
(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर वायमाकारिरी नावाची एक नदी आहे. माओरी भाषेत 'वाय' म्हणजे पाणी आणि 'मकारिरी' म्हणजे गार. गार पाणी! नदीला इतके साधे नाव ठेवणाऱ्या माणसांविषयी मला आदर वाटतो. ही नदी डोंगरातले बर्फाचे पाणी आणि गोटे घेऊन मैदानात उतरते आणि तिथे तिला एक पात्र पुरत नाही. दूरवर पसरलेल्या खडीवरून ती अनेक धारांनी वाहते. धारा एकमेकींत शिरतात, सुटतात, पुन्हा मिळतात. वेणीचे पेड असावेत तशा. एक पूर आला की सगळे पेड बदलतात. काल जिथे कमरेइतके पाणी होते तिथे आज कोरडी खडी. अशा नद्यांमधून काही माणसे लहान मोटारबोटी ताशी शंभराहून अधिक किलोमीटर वेगाने पळवतात, आणि त्यांच्या शर्यती लावतात.

कवीने हा विषय का घ्यावा, असे आपल्याला वाटेल. मी बी. ए. झालो तो मराठी घेऊन. इंजिनाशी माझा संबंध स्कूटरचा प्लग पुसण्यापुरता. पण माझा एक पुतण्या ख्राइस्टचर्चला यंत्रदुरुस्तीच्या कामात आहे आणि त्याला अशा एका बोटीत चालकाशेजारी बसायचे आहे. त्याची आई, म्हणजे माझ्या भाभी, सांगलीत असतात. त्या मला म्हणाल्या, "तुम्ही समजवा त्याला. तुमचं ऐकतो तो." समजावायचे तर आधी आपल्याला समजले पाहिजे. म्हणून मी त्याला फोनवर विचारत गेलो, मिळेल ते वाचत गेलो, आणि समजावणे लांबतच गेले.

या बोटीची जन्मकथा मोठी गमतीची आहे. विल्यम हॅमिल्टन नावाचे एक मेंढपाळ शेतकरी होते. 'आयरिशमन क्रीक' हे त्यांच्या कुरणाचे नाव. यंत्रांचा नाद जबरदस्त. त्यांना आपल्या भागातल्या उथळ नद्यांतून प्रवाहाविरुद्ध वर जायचे होते. साध्या मोटारबोटीचा पंखा तळाखाली लोंबतो. पहिल्याच गोट्यावर त्याची पाती तुटतात. हॅमिल्टन यांनी पंखा बोटीच्या पोटात घेतला. तळाच्या जाळीतून पाणी आत ओढायचे आणि मागच्या तोटीतून जोराने बाहेर फेकायचे. सुरुवातीला ही धार पाण्याखाली सोडली जाई आणि बोट रेंगाळत चाले. तोटी पाण्याच्या पातळीच्या वर आणली आणि बोट पळू लागली. हे सारे १९५३-५४ मधले. पुढे त्यांना 'सर' किताब मिळाला; पण या शोधाचे श्रेय ते आर्किमिडीजला देत. आपल्याकडे दोन कविता छापून आल्या की माणूस स्वतःला युगप्रवर्तक म्हणवून घेतो, त्यापुढे हे बरे वाटले.

आता खरी गोष्ट सांगतो. जेट बोटीला वेगळे सुकाणू नसते. मागे फेकलेल्या धारेचे तोंड डावी-उजवीकडे वळवले की बोट वळते. म्हणजे धार असेल तोवर वळण. रेस कमी केली की धार मेली, आणि धार मेली की चाक नुसते हातात फिरते. शिवाय ही बोट वेगात असली की पाण्यात रुतून न चालता पाण्यावर चढते. मग तिला तळाखाली वीतभर पाणीही पुरते. वेग कमी झाला की ती खाली बसते आणि खडीला टेकते. जी जागा वेगाने सहज ओलांडता येते तीच जागा हळू जाणाऱ्याला अडवते.

मी पुतण्याला विचारले, "मग समोर काही दिसलं, भीती वाटली, तर काय करायचं?"

"रेस द्यायची, चाचा."

"आणि ब्रेक?"

"नदीला ब्रेक नसतो."

सायकल शिकताना, स्कूटर शिकताना, आपल्या अंगात एकच गोष्ट मुरलेली असते: भ्यालास की थांब. इथे भ्यालेला हात सैल पडला की त्याच क्षणी बोट नदीच्या ताब्यात जाते. धाडस हा शब्द आपण फार सैल वापरतो. मला यात धाडसापेक्षा एक विलक्षण शिस्त दिसते. हाताला त्याच्या जन्मजात सवयीविरुद्ध वागायला शिकवायचे, आणि तेही सेकंदाच्या आत. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. 'वडाचे झाड' असे म्हणेपर्यंत झाड मागे गेलेले असते.

म्हणून बोटीत दोघे असतात. एक चालक आणि दुसरा वाटाड्या. शर्यत एकमेकांना खेटून होत नाही. बोटी ठरावीक अंतराने एकेक सोडतात आणि वेळ मोजतात. असे टप्पे कित्येक दिवस चालतात, कधी प्रवाहासोबत, कधी प्रवाहाविरुद्ध. वाटाड्याने पाणी वाचायचे. कुठली धार खोल, कुठली फसवी, कुठे पाण्यावरची सुरकुती म्हणजे नुसता वारा आणि कुठे तीच सुरकुती म्हणजे वीतभर खाली दगड. तो हाताने, आवाजाने खूण करतो आणि चालक विचार न करता वळतो. विचार करायला वेळच नसतो. विश्वास आधी ठेवून आलेला असावा लागतो. सर्वांत वरच्या गटातल्या काही बोटींना हेलिकॉप्टरचे टर्बाइन बसवतात. त्या ताशी १६० किलोमीटरच्याही पुढे जातात. माझा पुतण्या त्या गटातला नाही, हे मी भाभींना दोनदा सांगितले.

जाता जाता एक पक्षी. याच खडीवर 'रायबिल' नावाचा एक छोटा पक्षी अंडी घालतो. त्याची चोच उजवीकडे वाकलेली असते. जगात असा दुसरा पक्षी नाही. गोट्यांखालचे किडे त्याला तशा चोचीने काढता येतात. एरवी तिकडे काठापासून २०० मीटरच्या आत बोटीने ताशी पाच नॉट, म्हणजे सुमारे नऊ किलोमीटरच्या वर जायचे नाही असा नियम आहे. ठरावीक नद्यांवर आणि शर्यतींसाठी तो शिथिल करतात. बोटवाल्यांचा आनंद आणि त्या पक्ष्याची झोप यांत मला कुणाची बाजू घ्यायची विचारलीत, तर मी पक्ष्याची घेईन. तरी शर्यत पाहायला जाईन, हेही खरे.

या बोटींनी पहिली मोठी छाती दाखवली ती १९६० मध्ये, अमेरिकेत. कोलोराडो नदीच्या ग्रँड कॅन्यनमधून माणसे खाली येत, वर कुणी गेले नव्हते. हॅमिल्टन यांचा मुलगा जॉन याने जेट बोटी त्या घळीतून उलट्या वर नेल्या. आणि मग १९७७ मध्ये हीच बोट आपल्या गंगेत आली.

सर एडमंड हिलरी यांची ती मोहीम होती: सागरापासून आकाशापर्यंत. मी तेव्हा शाळेत होतो. अब्बा वर्तमानपत्रातली बातमी मोठ्याने वाचत आणि मध्येच थांबून विचारत, "एव्हरेस्ट चढलेल्या माणसाला नदी कशाला लागते?" याचे उत्तर मला आज थोडे देता येईल. १९७५ मध्ये काठमांडूला झालेल्या विमान अपघातात हिलरींची पत्नी लुईस आणि धाकटी मुलगी बेलिंडा गेल्या होत्या. त्यानंतर दोन वर्षांनी, मुलगा पीटरला बरोबर घेऊन, ते गंगासागरहून निघाले. बोटी तीन: 'गंगा', 'एअर इंडिया' आणि 'किवी'. जॉन हॅमिल्टन आणि त्यांचा मुलगा माइक चालकांत होते. भारतीयांत १९६५ च्या एव्हरेस्ट मोहिमेचे नेते मोहनसिंग कोहली.

बंगालच्या मुखाशी नावाडी हिंदू असो की मुसलमान, नाव सोडताना बदर पीराचे नाव घेण्याची जुनी रीत आहे. तिथून पाटणा, काशी, प्रयाग असे मैदान ओलांडत बोटी वर सरकल्या. गावोगावी घाटांवर माणसांचे थर. ही वाट निवांत होती असे म्हणवणार नाही. पावसाळ्याचे गढूळ पाणी म्हणजे पान मिटलेली पोथी, वाचणार कशी? पण खरा कस लागला तो हृषीकेशच्या वर. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग. तिथे नदी दरीत कोंडून उसळत होती. अशा उसळीत प्रवाहाविरुद्ध चढताना एक चमत्कार होतो. इंजिन पूर्ण ताकदीने किंचाळत असते, पाणी दोन्ही बाजूंनी वेगाने मागे पळत असते, आणि काठावरचा दगड मात्र तिथेच असतो. बोट जागच्या जागी उभी! नदीचा वेग आणि यंत्राचा वेग एकमेकांचे मनगट धरून उभे असतात. तिथे नाक जरा आडवे झाले की प्रवाह बोटीला कुशीवर लोटतो. नंदप्रयागजवळ एका धबधब्याने त्यांना थांबवले. पुढे ते पायी गेले. उंचीवर हिलरी इतके आजारी झाले की त्यांना हेलिकॉप्टरने खाली आणावे लागले. बाकीचे शिखरावर गेले. आज ती वाट बोटीने तशी करता येणार नाही. अलकनंदेवर गढवालातल्या श्रीनगरजवळ धरण उभे आहे.

आता धोक्याकडे येऊ. खडीच्या बांधावर वेगाने चढलेली बोट हवेत उडते, कधी काठावर जाऊन पडते, कधी पाण्यात उलटी होते. पुरात वाहून आलेले झाड पाण्याखाली आडवे पडलेले असेल तर ते दिसतच नाही. तळाच्या जाळीत खडी किंवा शेवाळ अडकले की धार कमी, आणि धार कमी म्हणजे काय ते मघाशी सांगितलेच. म्हणून डोक्यावर शिरस्त्राण, अंगाला पाच बाजूंनी पट्टे, भोवती पोलादी नळ्यांचा पिंजरा. यातली गोम अशी की रस्त्यावर जो पट्टा माणसाला वाचवतो, तोच उलट्या बोटीत त्याला पाण्याखाली धरून ठेवतो. त्यामुळे पट्टा घट्ट असावा आणि एका झटक्यात सुटावाही.

ही गोष्ट दुसऱ्या एका प्रकारच्या शर्यतीने फार महागात शिकवली. 'फॉर्म्युला वन' मोटारींसारख्या बोटींच्याही शर्यती असतात. दोन तळ्यांच्या या बोटी मधल्या पोकळीत हवा पकडून जवळजवळ उडत पळतात. नाकाखाली हवा जास्त शिरली की बोट मागे उलथते. १९८४ च्या एकाच हंगामात अनेक चालक गेले. त्यानंतर बोट फुटली तरी चालकाची खोली शाबूत राहावी, अशी मजबूत कोठडी आली. तिथल्या चालकांना पाण्याचीही परीक्षा द्यावी लागते: नकली कोठडीत पट्टे बांधून बसवतात, ती पाण्यात उलटी करतात आणि स्वतःला सोडवून बाहेर यायला सांगतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये या बोटी विजयवाड्याजवळ, अमरावतीच्या नावाने, कृष्णेच्या पाण्यात पळाल्या. महाबळेश्वरला उगवून आमच्या सांगलीवरून जाणारीच ती कृष्णा. सांगलीकरांना पाण्यावरची शर्यत नवी नाही. आमच्याकडे वल्ह्यांच्या होड्यांच्या शर्यतींना दोन्ही काठ भरून जातात.

आणि त्यानंतर नऊच महिन्यांनी, ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला पुरातून माणसे बाहेर काढणारी बोट उलटली. तिच्यात पेलवेल त्याहून जास्त माणसे होती. दहाहून अधिक जीव गेले, त्यांत बाया होत्या, लेकरे होती. त्याच आठवड्यात भाभींना पहिल्या मजल्याच्या खिडकीतून रबरी मोटारबोटीत उतरवले होते. ओळखीची गल्ली, ओळखीचे विजेचे खांब, आणि त्यांच्या तारांखालून डोके वाकवून जायचे. मोटारबोट हा शब्द त्यांच्या कानात वाजतो तो त्या इंजिनाच्या आवाजात. पोराची हौस त्यांना कळत नाही असे नाही. नदी त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळते, एवढेच.

मी त्यांना सगळे सांगितले. शिरस्त्राण, पिंजरा, पट्टे, अगदी हिलरीसुद्धा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एकच विचारले, "बोट उलटी झाली, तर वर कुठं आणि खाली कुठं, हे त्याला पाण्यात कसं कळणार?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी तो तसाच ख्राइस्टचर्चला कळवला. पुतण्या थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "कळत नाही, चाचा. म्हणून एका हातानं पिंजऱ्याची नळी धरून ठेवायची, ती सोडायची नाही. दुसऱ्या हातानं पट्टा सोडवायचा. मग नळीच्या आधारानं बाहेर यायचं."

भाभींना मी ते सांगितले. त्या म्हणाल्या, "त्याला म्हणावं, नळी उजव्या हातानं धर. तो डावखुरा आहे."