दिवेलागण पाच वाजता



कॅलेंडरवरचे बेट नेहमी दुपारचेच असते. निळे पाणी, पांढरी वाळू, वाकलेला माड आणि लख्ख ऊन. त्याच बेटावर रात्रही होते, आणि ती आपल्याकडच्यापेक्षा बरीच लवकर होते, हे मला अंदमानला जाईपर्यंत जाणवले नव्हते. वास्तविक मी भूगोलाचा शिक्षक. अकोले तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांतून तीस वर्षे मुलांना रेखावृत्ते शिकवली. एका अंशाला चार मिनिटे, फळ्यावर किती वेळा लिहिले असेल! पण फळ्यावर लिहिणे वेगळे आणि प्रत्यक्ष डोक्यावरून सूर्य निघून जाणे वेगळे.

डिसेंबर 2022 मध्ये आम्ही दोघे गेलो. जाण्याचे कारण सांगून टाकतो. सौभाग्यवतीला काचबिंदू आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते की गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंब घालून सांभाळायची. तिचे दोन्ही बाजूंचे दिसणे कमी झाले होते आणि संध्याकाळ झाली की ती माझा कोपरा धरून चालायची. समुद्र तिने एकदाच, मुंबईला चौपाटीवर पाहिला होता. तेव्हा म्हटले, आता थांबायचे नाही. तिकिटे मिळाली ती नेमकी अमावस्येच्या आसपासची. "अमावास्येला कोणी प्रवास करतं का?" हा प्रश्न घरातून यायचा तो आलाच. मी म्हणालो, विमान कंपनीला पंचांग दिसत नाही.

पुण्याहून चेन्नई आणि चेन्नईहून दोन तासांत त्या वेळचे पोर्ट ब्लेअर. 2024 पासून त्याचे नाव श्री विजय पुरम झाले आहे. पहिल्या संध्याकाळी सेल्युलर जेलमधला ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम पाहिला. अंगणातला पिंपळ तुरुंगाची कहाणी सांगतो, अशी त्याची रचना आहे. 1906 मध्ये पूर्ण झालेल्या या तुरुंगाच्या सात बाजूंपैकी आता तीनच उभ्या आहेत. काळोखात वरच्या मजल्यावरच्या सावरकरांच्या कोठडीवर प्रकाश पडला, तेव्हा शेजारची मंडळी हात जोडून उठली. 1911 ते 1921, दहा वर्षे! आम्ही नगरकर, भुईकोट किल्ल्यात नेहरूंनी लिहिलेल्या ग्रंथाची गोष्ट ऐकत वाढलेले. तुरुंग आम्हाला नवा नाही. पण तिथे संध्याकाळी कोठडीचे दार लागल्यावर पुढची बारा-तेरा तासांची रात्र कशी काढली असेल, हा विचार तिथल्या अंधारात बसल्यावरच मनात येतो.

दुसऱ्या दिवशी बोटीने हॅवलॉक बेटावर गेलो. 2018 पासून हे स्वराज द्वीप. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना इथे वसवले, त्यामुळे गावांची नावे गोविंदनगर, विजयनगर, राधानगर अशी आणि बोली बंगाली. गुरुवार होता, मार्गशीर्षातला शेवटचा. तिचा उपवास. दुपारी खोलीवर पोचून जरा पाठ टेकतो न टेकतो तोच तिने हाक मारली, "अहो, तिन्हीसांज झाली की! घड्याळ बंद पडलंय का तुमचं?" पाहतो तो पाच वाजून पाच मिनिटे, आणि बाहेर सूर्य गेलेला.

घड्याळ बरोबर होते. नगर साधारण पावणेपंचाहत्तर अंश रेखांशावर आणि पोर्ट ब्लेअर पावणेत्र्याण्णववर. अठरा अंशांचा फरक म्हणजे बहात्तर मिनिटे. पण घड्याळ दोन्हीकडे एकच, मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी अंशांचे. त्यामुळे डिसेंबरात तिकडे साडेपाचला उजाडते आणि पाचला मावळते. शिवाय विषुववृत्ताच्या जवळ सूर्य तिरका न जाता जवळजवळ सरळ खाली उतरतो, संधिप्रकाश फार रेंगाळत नाही. मी हे सगळे तिला समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे आज उपवास तासभर आधी सुटला." निरांजन बरोबर आणलेलेच होते. दिवा लावला, केळ्याचा नैवेद्य दाखवला. तीस वर्षांत रेखांशाचा इतका रोकडा उपयोग माझ्या एकाही विद्यार्थ्याने सांगितला नव्हता.

खरी पंचाईत पुढे होती. पाचला अंधार पडल्यावर माणसाने करायचे काय? राधानगरचा किनारा तर सूर्य बुडताच रिकामा करतात, जीवरक्षक शिट्ट्या वाजवून लोकांना पाण्याबाहेर काढतात. तिथे खाऱ्या पाण्यातली मगर आहे. 2010 मध्ये त्याच बाजूला पाण्यात पोहणाऱ्या एका परदेशी तरुणीचा मगरीने बळी घेतला. फलक वाचून मला गाव आठवले. आमच्या प्रवराकाठच्या उसात बिबट्या असतो. शेतीपंपाची थ्री-फेज वीज पाळीपाळीने रात्रीची मिळते, मग माणूस हातात बॅटरी आणि काठी घेऊन दारं धरायला जातो, आणि घरातल्या बायका तो परत येईपर्यंत जाग्या राहतात. आमच्यासाठी रात्र हा काही सहलीचा भाग नव्हता. रात्र म्हणजे काम आणि काळजी. तेव्हा पैसे खर्चून अंधार पाहायला कोणी येत असेल, हे माझ्या डोक्यात शिरत नव्हते.

बेटावरची वीज मुख्यतः डिझेलच्या जनित्रांवर चालते. दुसऱ्या रात्री ती गेली. आपल्याकडे वीज गेली की आधी शेजाऱ्यांचीही गेली का ते पाहतात. तिथे पाहायला शेजारी नव्हतेच. मुक्कामाच्या घराचा मालक, पन्नाशीचा बंगाली गृहस्थ, व्हरांड्यात आला आणि म्हणाला, "दादा, आज चाँद नहीं है. दीदी को लेकर पानी के पास चलिए." घोट्यापेक्षा जास्त पाण्यात जायचे नाही आणि खाडीच्या बाजूला फिरकायचे नाही, एवढी अट घालून तो पुढे चालू लागला.

ओहोटी होती. विजयनगरच्या किनाऱ्यावर ओहोटीला पाणी खूप आत जाते. वाळूवर पाय टाकावा तिथे काहीतरी सरकत होते. शंखातले खेकडे! आपापली घरे पाठीवर घेऊन शेकड्यांनी निघालेले. मी मोबाईलची बॅटरी लावून सौभाग्यवतीच्या पायांपुढे धरली होती. मालक थांबला. "टॉर्च बंद कीजिए, दादा." मी म्हणालो, हिला दिसत नाही, पडेल. त्यावर तीच म्हणाली, "बंद करा हो. लावून तरी मला कुठे दिसतंय?"

बंद केली. पहिली पाच-दहा मिनिटे काहीच नाही, नुसता लाटांचा आवाज. डोळ्याला अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटे ते अर्धा तास लागतो, आणि मध्येच एकदा बॅटरी चमकली की हिशेब पुन्हा शून्यापासून. आपण मात्र दर मिनिटाला मोबाईल काढून वेळ पाहतो. हळूहळू आभाळ भरत गेले. मग मला दिसले की लाट फुटते तिथे एक फिकट निळसर रेघ उमटते आणि विझते. मालकाने पाय आपटला, तर पायाभोवती ठिणग्या उडाल्या. पाण्यात ठिणग्या!

हे एकपेशीय जीव असतात, नुसत्या डोळ्यांना सुटे सहसा दिसतही नाहीत. पाणी हलले, धक्का बसला, की त्यांच्या शरीरातल्या ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो आणि प्रकाश बाहेर पडतो, उष्णता जवळजवळ नाहीच. खायला येणाऱ्याला दचकवण्यासाठी ही युक्ती असावी असे मानतात. आपल्या कोकण किनाऱ्यावरही थंडीत अशा लाटा दिसतात. 2020 च्या नोव्हेंबरात मुंबईत जुहूला लोकांनी त्या पाहिल्या. त्यासाठी अंदमानच गाठायला हवे असे नाही.

मी हर्षाने तिला दाखवू लागलो, ती बघ, ती बघ रेघ! ती मान वळवत होती आणि विचारत होती, "कुठे?" इतका अंधूक उजेड टिपणे तिच्या डोळ्यांना जमत नव्हते. दोन-तीनदा असे झाले. मग मी गप्प बसलो. आपण हिला इथवर आणले कशाला, असे वाटून गेले.

ती खाली बसली आणि चाचपडत हात पाण्यात घातला. तांदूळ धुताना फिरवतो तसा तिने हात फिरवला, आणि मनगटापर्यंतचा हात, बोटे, बांगड्या, सगळे निळे झाले. "अगंबाई," एवढेच ती म्हणाली. मग थांबायची. पुन्हा फिरवायची. डोळ्यांपासून वीतभर अंतरावर तो उजेड होता आणि तो तिला दिसत होता. मालक बाजूला जाऊन उभा राहिला होता. किती वेळ गेला माहीत नाही. घड्याळ पाहायचे म्हणजे मोबाईल लावावा लागला असता.

परत आल्यावर तिने एकच गोष्ट मागितली. भंडारदऱ्याचे काजवे. घरापासून दोन तासांच्या आतले, पण आम्ही पाहुण्यांना दाखवायला नेत असू तेवढेच. मला इथे कबूल केले पाहिजे की पूर्वी मीच जीपचे दिवे झाडांवर रोखून पाहुण्यांना विचारलेले आहे, "दिसले का?" काजव्याचा नर उडता उडता चमकून खूण करतो, मादी बहुधा खाली बसून उत्तर देते. आपला झोत पडला की तो संवाद पुसला जातो. आणि झाडाखाली गर्दी केली की पालापाचोळ्यातल्या माद्या, अंडी, अळ्या पायाखाली येतात. हे मला कळले ते बेटावरून आल्यावर, वाचून.

जून 2023 च्या पहिल्या आठवड्यात गेलो. घाटघरच्या रस्त्याला गाड्यांची रांग, दिव्यांची, हॉर्नची. अलीकडे वन विभागाने अभयारण्यात रात्रीच्या प्रवेशाला वेळेचे बंधन घातले आहे, ते चांगलेच केले. पण त्या वेळेच्या आत जे चालते तेही पाहण्यासारखे नसते. तिला काहीच दिसले नाही. समोरच्या दिव्यांनी तिचे डोळे दिपले होते.

तिथल्याच एका वाडीत माझा जुना विद्यार्थी शेती करतो. आम्ही त्याच्याकडे उतरलो. "गुरुजी, गाड्या गेल्यावर बघू," तो म्हणाला. दहाच्या पुढे केव्हातरी त्याने अंगणातला दिवा मालवला. हिरड्याच्या झाडावर उजेडाच्या लाटा वर-खाली होऊ लागल्या. तिला झाड दिसेना, हे मी न विचारताच ओळखले. त्याची सात-आठ वर्षांची मुलगी ओट्यावर आली, मूठ तिच्या हातावर ठेवून अलगद उघडली आणि पळाली. काजवा तळहातावर चालला, दोनदा-तीनदा चमकला आणि उडून गेला.

ती हात तसाच उघडा धरून बसली होती.

"गेला का?"

"गेला," मी म्हणालो.

"असू दे. दिवा लावू नका एवढ्यात."