हवेची बंदूक : गुण आणि दोष

हवेची बंदूक म्हणजे खेळणें, असा पुष्कळांचा समज आहे. इतिहास निराळें सांगतो. इ. स. १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्यानें बार्तोलोमेओ जिरार्दोनीची हवेची बंदूक स्वीकारली. धूर नाहीं, ठिणगी नाहीं, आणि एका भरणींत सुमारें २० गोळ्या! परंतु दस्ता हीच हवेची टांकी. ती भरण्यास पंपाचे सुमारें १५०० हात मारावे लागत, आणि चामड्याच्या चकत्या सुकल्या कीं हवा निसटे.

आजच्या पंपाच्या बंदुकीस बहुधा ३ ते १० हात पुरतात. जितके हात, तितका जोर. स्प्रिंगच्या बंदुकीप्रमाणें जड दट्ट्या आदळत नसल्यानें धक्का जवळजवळ नसतो. नवशिक्याचा नेम लवकर बसतो. मात्र प्रत्येक बारास पुन्हा श्रम आलेच, आणि थकलेल्या हातानें नेम ढळतो.

खरा धोका याहून निराळा आहे. कोंडलेली हवा डोळ्यांना दिसत नाहीं. कोपऱ्यांत उभी बंदूक भरलेली कीं रिकामी, हें मुलाला कळत नाहीं. आणि डोळा जाण्यास थोडी हवाहि पुरते. म्हणून ती भरून ठेवूं नये, कुलुपांत ठेवावी, आणि रिकामी समजून कोणावरहि रोखूं नये.