बाराखडीनंतरचे वाचन

(सुवर्णमहोत्सवानिमित्त उमरी येथे झालेल्या पालक-मेळाव्यातील व्याख्यान)



आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात एक हृद्य प्रसंग आहे. भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मी आणि सुंदरी या आपल्या कन्यांना मांडीवर बसवून एकीला लिपी आणि दुसरीला अंकविद्या शिकविली. विद्येचा आरंभ पित्याच्या मांडीवर झाला, ही गोष्ट आजच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. कारण आज अक्षरे शाळा शिकविते. परंतु मांडीची जागा मात्र अनेक घरांत रिकामी राहिली आहे.

बालक पहिलीत अक्षरे शिकते, काना-मात्रा-वेलांटी शिकते, बाराखडी संपविते. घरात आनंद होतो, पेढे वाटले जातात आणि “आता बाळाला वाचता येते” असा निर्वाळा दिला जातो. येथेच गफलत होते. ते बालक दुसरीत गेल्यावर ‘चि-म-णी’, ‘ब-स-ला’ असे एकेक अक्षर फोडून वाचते. ओळ संपेपर्यंत ओळीचा आरंभ त्याच्या मनातून निसटलेला असतो. “काय वाचलेस?” असे विचारले तर ते गप्प बसते. तिसरी-चौथीत इतिहास, भूगोल, गणिताची शाब्दिक उदाहरणे समोर येतात. ज्याला ओळ वाचता येत नाही, त्याला उदाहरण कळत नाही आणि अखेर त्याच्यावर ‘ढ’ हा शिक्का बसतो. वस्तुतः ते बालक ढ नसते. त्याला अर्ध्या वाटेवर सोडून सर्वजण पुढे निघून गेलेले असतात.

अशी बालके थोडीथोडकी नाहीत. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ‘असर’ हे सर्वेक्षण ग्रामीण भारतात होते. घरी जाऊन बालकापुढे अक्षरे, शब्द, सोपा परिच्छेद आणि गोष्ट ठेवून ते कोठवर वाचू शकते, हे त्यात पाहिले जाते. २०२४ च्या पाहणीत पाचवीतील सुमारे निम्मीच मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली.

असे का घडते? नवा नोकर दुकानात येतो तेव्हा एकेक वजन निरखून पारड्यात टाकतो. गिऱ्हाईक काय बोलते, याकडे त्याचे लक्ष राहत नाही. जुना दुकानदार मात्र हाताने माप टाकीत तोंडाने व्यवहार ठरवितो. मनाचे अवधान मर्यादित असते. ते सगळे अक्षर ओळखण्यातच खर्च झाले, तर अर्थासाठी काही उरत नाही. अमेरिकेतील लाबर्ज आणि सॅम्युअल्स या अभ्यासकांनी १९७४ मध्ये वाचनासंबंधी हेच तत्त्व मांडले. सहजता आल्यावाचून समज येत नाही, असा त्याचा मथितार्थ आहे.

आपल्या लिपीत तर ही सहजता येण्यास थोडा अधिक काळ लागतो. ऱ्हस्व वेलांटी लिहायची व्यंजनाच्या आधी आणि उच्चारायची नंतर. चक्र, अर्क, राष्ट्र, वाऱ्यावर या शब्दांत एकच ‘र’ चार रूपे घेतो. ‘चार’ आणि ‘चारा’ यांत अक्षर एकच, उच्चार निराळा. ‘बसला’ असे लिहिलेले असते, पण कोणीही मराठी माणूस ‘ब-स-ला’ म्हणत नाही. तो ‘बस्-ला’ म्हणतो. फोडून वाचणाऱ्या बालकाला म्हणूनच आपल्या ओळखीचा शब्दही ओळखू येत नाही. कन्नड वाचणाऱ्या मुलांच्या अभ्यासातही, इंग्रजी वर्णमालेच्या तुलनेत भारतीय लिपीतील अक्षरसमूह आत्मसात होण्यास अधिक वर्षे लागतात, असे दिसून आले आहे. तेव्हा दुसरी-तिसरीत अडखळणे हा दोष नव्हे. तो वाटेतला टप्पा आहे.

त्यातून उमरीसारखे गाव. तेलंगणाच्या सीमेजवळच्या या भागात मराठीबरोबर तेलुगू, उर्दू, बंजारा, मारवाडी या भाषाही कानांवर पडतात. सैतवाळ घरांत मराठी, तर राजस्थानातून आलेल्या कुटुंबांत मारवाडी बोलली जाते. शिवाय १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्यात शिक्षणात उर्दूचे वर्चस्व होते. मराठी वाचनाचा वारसा त्यामुळे अनेक घरांना उशिरा लाभला. हिशेबाची वही वाचता आली म्हणजे पुरे, असे मानण्याचा तो काळ होता. आज ते पुरेसे नाही.

मग उपाय कोणता? त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. तत्त्वार्थसूत्रात स्वाध्याय या अंतरंग तपाचे पाच प्रकार सांगितले आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. आम्नाय म्हणजे शुद्ध उच्चारासह पुनःपुन्हा आवर्तन. श्वेतांबर परंपरेत त्यालाच परिवर्तना म्हणतात. सॅम्युअल्स यांनी १९७९ मध्ये नेमकी आवर्तनाचीच पद्धत पुढे मांडली : एकच छोटा उतारा, ओघ येईपर्यंत पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचणे आणि मगच नवा उतारा घेणे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन समितीने २००० साली अनेक संशोधने तपासून, जाणत्याच्या मार्गदर्शनाखाली केलेले असे प्रकट वाचन लाभदायक ठरते, असा निष्कर्ष दिला.

घरी हे कसे करावे? रोज पंधरा-वीस मिनिटे पुरतात. आठ-दहा ओळींची, बालकाला कळणारी गोष्ट निवडावी. वीस शब्दांत एखाद्या शब्दावर ते अडखळत असेल तर निवड योग्य. पाच-सहा ठिकाणी अडत असेल तर पुस्तक सोपे घ्यावे. प्रथम मोठ्याने स्वतः, ओळीखालून बोट सरकवीत, भावासह वाचून दाखवावे. मग दोघांनी एका सुरात वाचावे. त्यानंतर बालकाने एकट्याने वाचावे. तोच उतारा पुढचे तीन-चार दिवस पुन्हा घ्यावा. शब्दांचे स्वाभाविक गट पाडून दाखवावेत : ‘पावसात भिजलेली चिमणी – खिडकीच्या गजावर – येऊन बसली.’ शब्द अडला तर क्षणभर थांबावे. आला नाही तर शांतपणे सांगून पुढे जावे. ‘इतकेही येत नाही?’ हे वाक्य मात्र घरातून हद्दपार करावे. वाचून झाल्यावर एक-दोन प्रश्न विचारावेत, हीच पृच्छना. मग बालकाला गोष्ट आपल्या शब्दांत सांगू द्यावी.

२०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द, अर्थासह वाचणे अपेक्षित आहे. हा आकडा वाटेवरचा मैलाचा दगड समजावा. त्याची शर्यत करू नये. मराठीत प्रत्यय शब्दालाच जोडले जातात, त्यामुळे ‘शाळेतल्यांनासुद्धा’ हाही एकच शब्द मोजला जातो. महिन्यातून एकदा मोजणे पुरे. नियमित सराव करूनही प्रगती दिसली नाही, तर प्रथम दृष्टी आणि श्रवण तपासावे. अध्ययन अक्षमतेची शंका असल्यास तज्ज्ञांकडे न्यावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे; त्यात लाजण्यासारखे काही नाही.

एक गोष्ट पाठशाळेच्या संदर्भात नम्रपणे सांगणे आवश्यक आहे. चिमुकले बालक पुस्तकावर बोट ठेवून णमोकार मंत्र वा स्तोत्र अस्खलित म्हणते, तेव्हा सर्वांना धन्यता वाटते. ते पाठांतर अनमोल आहे. पण ते वाचन नव्हे. त्याच बालकापुढे न पाहिलेले पान उघडले की सत्य कळते. प्राकृत-संस्कृत पाठाचा अर्थ त्याला ठाऊक नसतो. म्हणून वाचनाचा ओघ आणण्यासाठी त्याच्या बोलीजवळच्या सोप्या गोष्टीच हव्यात. माधुरी पुरंदरे यांची ज्योत्स्ना प्रकाशनाची बालपुस्तके, बालभारतीचे १९७१ पासून निघणारे ‘किशोर’ मासिक, ‘प्रथम बुक्स’च्या चित्रकथा असे साहित्य सहज मिळू शकते. मुले इंग्रजी शाळेत जात असली, तरी मराठी वाचनाचा हा सराव वाया जात नाही. अर्थासाठी वाचण्याची सवय एका भाषेत लागली की ती दुसरीतही उपयोगी पडते.

पन्नास वर्षांच्या वाटचालीनंतर ट्रस्टने हाती घ्यावे असे हे कार्य आहे. त्याला इमारत लागत नाही, मोठा निधी लागत नाही. पाठशाळेत गोष्टींच्या पुस्तकांची एक पेटी असावी. चौथी-पाचवीतील मुलांनी पहिली-दुसरीतील मुलांना जवळ घेऊन वाचून दाखवावे. त्यात मोठ्यांचेही वाचन सुधारते. दुकानात काम करणाऱ्यांच्या, हमालांच्या मुलांनाही त्यात आवर्जून सामावून घ्यावे, कारण त्यांच्या घरी ऐकणाऱ्याला बहुधा सवड नसते. आणि ज्या आजींना वाचता येत नाही, त्यांनीही मागे राहू नये. नातवाने वाचावे, आजींनी ऐकावे आणि “मग पुढं काय झालं?” एवढेच विचारावे. या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी बालकाला अक्षरांच्या पलीकडे, अर्थापर्यंत जावेच लागते.

आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दाने आपल्याकडे श्रेष्ठ मानली आहेत. वह्या-पुस्तके वाटणे हे ज्ञानदान खरेच. परंतु अडखळत वाचणाऱ्या बालकाजवळ बसून, त्याला न हसता, न रागावता, ओळ पूर्ण होईपर्यंत ऐकून घेणे यात ज्ञानदान आणि अभयदान दोन्ही एकत्र घडतात. भगवान ऋषभदेवांच्या मांडीवरचा तो पाठ रोज वीस मिनिटे उमरीच्या घराघरांत पुन्हा सुरू व्हावा, हीच या सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी प्रार्थना.

जय जिनेंद्र!